उघड्या दाराचा दोष कोणाचा?

२६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ईमेल पोहोचला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील एका सदनिकेत, एका अमेरिकन नागरिकाच्या दारी येऊन थांबला. त्या गृहस्थाचा अपराध, त्याला अपराधच म्हणावयाचे असेल तर, एवढाच की त्याच्या घरातील बिनतारी इंटरनेटला कुलूप नव्हते. लाभ परक्याने उठविला. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला.

याचे कारण यंत्रणेच्या रचनेतच आहे. राउटरच्या लहरी भिंती जुमानत नाहीत. जिन्यात, शेजारच्या घरात, रस्त्यावरील मोटारीतही त्या पोहोचतात. बाहेरच्या जगाला मात्र त्या जोडणीवरील सर्व फोन व संगणक यांचा पत्ता बहुधा एकच दिसतो, आणि तो वर्गणीदाराच्या नावे नोंदलेला असतो.

साहजिकच शासनाची दृष्टी प्रथम गृहस्थाकडेच वळली. २००९ मध्ये आपल्या दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित राखण्याच्या सूचना काढल्या. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१० मध्ये जाळे असुरक्षित ठेवणाऱ्यावरच काही जबाबदारी टाकली. कायद्यात बदल करून ती २०१७ मध्ये दूर करावी लागली.

वस्तुतः जो सर्वांत कमी खर्चात हानी टाळू शकतो, त्याच्यावर भार टाकणे हे अर्थशास्त्राला धरून होईल. ‘वेप’ नावाची जुनी कुलूप-पद्धत २००१ मध्येच निकामी ठरली, हे शाळामास्तरांना वा कारकुनाला कोठून कळावे? उत्पादकाला ते ठाऊक होते, तरीही पुढे कित्येक वर्षे ती उपकरणांत राहिली. कारखान्यात एकदा केलेली दुरुस्ती लाखो घरांना पुरते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन ती विकण्यास मनाई केली, ती याच न्यायाने.

असे असले तरी गृहस्थाची सुटका नाही. ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ ही पद्धत, लांब पासवर्ड, राउटरच्या व्यवस्थापनाचा वेगळा पासवर्ड आणि पाहुण्यांसाठी निराळे जाळे, एवढे अर्ध्या तासाचे काम त्यालाच करावे लागते. जोडणी करून देणारा कामगार अनेकदा ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवून जातो. तो क्रमांक तर दूधवाल्यापासून सोसायटीच्या चिटणीसांपर्यंत सर्वांजवळ असतो. तेव्हा कामगार दारातून बाहेर पडण्यापूर्वीच तो बदलून घेतलेला बरा.