चॅटनूगा शहरीं मुलांना काय दाखवावें?

सहकुटुंब प्रवास म्हटला कीं मुलांच्या करमणुकीचा विचार आधीं व्हावा, हें रास्तच आहे. मुलें कंटाळलीं म्हणजे आईबापांनाही सुख नसतें. परंतु करमणूक म्हणजे तिकीट काढून आंत शिरणें, एवढाच अर्थ हल्लीं रूढ होत चालला आहे, आणि त्याविरुद्ध चार शब्द लिहावे म्हणून हा लेख. उदाहरणादाखल आम्हीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतील चॅटनूगा हें शहर घेतलें आहे. आपल्या शाळेंतील कित्येक मुलांचे काका, मामा, आत्या त्या देशांत राहतात, आणि सुटींत त्यांच्याकडे जाणारीं कुटुंबेंही थोडीं नाहींत. अटलांटा येथें उतरलेल्या पाहुण्याला मोटारीनें दोनएक तासांत चॅटनूगा गांठतां येतें, आणि "मुलांना तेथें अवश्य न्या" असा सल्ला त्याला हटकून मिळतो. सल्ला चांगला आहे. तेथें गेल्यावर काय पाहावें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

टेनेसी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यांत, टेनेसी नदीच्या मोठ्या वळणावर, जॉर्जिया राज्याच्या सीमेला खेटून हें शहर वसलें आहे. २०२० सालच्या शिरगणतींत येथील वस्ती सुमारें १,८१,००० भरली. न्यूयॉर्क, शिकागो यांच्या मानानें तें मध्यमच म्हणावें लागेल. ओतकामाचे कारखाने येथें पुष्कळ होते, व सभोंवार डोंगर असल्यामुळें धूर आंतल्या आंत कोंडून राही. १९६९ सालीं सबंध देशांत सर्वांत मलिन हवेचें शहर म्हणून याचें नांव दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोंचलें. पुढें नागरिकांनीं नेटानें हवा सुधारली आणि ओसाड पडलेला नदीकांठ पुन्हां वापरांत आणला. पाहुणे आज जेथें हौसेनें फिरतात ती जागा अशा कष्टांतून उभी राहिली आहे, हें मुलांना प्रथमच सांगावें.

त्या नदीकांठावर १९९२ सालीं उघडलेलें टेनेसी मत्स्यालय आहे, आणि त्याची स्तुति करण्यांत आम्ही हात आखडणार नाहीं. प्रेक्षकाला प्रथम अगदीं वरच्या मजल्यावर नेतात. तेथें आपलाशियन पर्वतांतील अरण्य उभें केलें आहे. ओढा खळखळतो, पाणमांजरें खेळतात. मग उतरणीच्या वाटेनें पाणी जसें खालीं जाईल तसें आपण खालीं यावयाचें: ओढ्याची नदी होते, नदीला धरण लागतें, पात्र रुंदावतें, मासे बदलत जातात, आणि शेवटीं समुद्र येतो. भूगोलाच्या पुस्तकांत नदीचा उगम, प्रवाह व मुख यांवर आम्ही शिक्षक जो तास घालवितों, तो येथें मुलांच्या पायांखालून जातो. समुद्रांतील प्राण्यांसाठीं २००५ सालीं दुसरी इमारत बांधण्यांत आली. परंतु आमच्या मतें खरें महत्त्व पहिल्या इमारतीचें. शार्क मासा कोठेंही दाखवितात, गोड्या पाण्याची एवढी कदर फार थोडे करतात. टेनेसी नदींतून नाहींसा झालेला स्टर्जन जातीचा मासा पुन्हां तींत सोडण्याच्या कामीं या संस्थेनें पुष्कळ श्रम घेतले आहेत. येथें अर्धा दिवस तरी द्यावा. मुलांचा हात धरून तासाभरांत बाहेर पडणारे पालक तिकिटाचे पैसे पाण्यांत घालतात, असें म्हटल्यास कोटी होईल, पण तें खरें आहे.

शहराच्या डोक्यावर लुकआउट नांवाचा डोंगर आहे. त्यावर चढणारी उतरणीची आगगाडी १८९५ सालीं सुरू झाली. तिचा माथ्याजवळचा चढ शंभरांस बहात्तरांहून अधिक आहे. डोंगराच्या पोटांत रूबी फॉल्स हा १४५ फुटांचा धबधबा आहे. रंगीत दिव्यांनीं तो उजळून दाखवितात. आम्हांस त्या रंगांपेक्षां त्याच्या शोधाची हकीकत अधिक मनोरंजक वाटते. लिओ लँबर्ट नांवाच्या गृहस्थानें एका जुन्या गुहेंत उतरण्यासाठीं १९२८ सालीं खडक फोडून विवर खणावयास घेतलें, कारण त्या गुहेचें मूळ तोंड आगगाडीच्या बोगद्यामुळें बंद झालें होतें. सुमारें २६० फुटांवर एका अरुंद फटींतून वाऱ्याची झुळूक आली. तो व त्याचे सोबती पोटावर सरपटत आंत गेले, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसलेला हा धबधबा त्यांना सांपडला. पत्नीचें नांव त्यानें त्यास दिलें. शोधावयास जावें एक आणि सांपडावें दुसरेंच, हा अनुभव मुलांना फार आवडतो. डोंगरावरील 'रॉक सिटी' हें १९३२ सालीं उघडलेलें खडकांचें उद्यान मात्र जाहिरातीच्या जोरावर अधिक चाललें. दूरदूरच्या शेतांतील कोठारांच्या छपरांवर त्याची जाहिरात रंगविलेली असे. तेथून सात राज्यें दिसतात म्हणतात. आम्ही फार आग्रह धरणार नाहीं. १८६३ सालच्या यादवी युद्धांतील लढायांचीं स्थळेंही या परिसरांत राखून ठेविलीं आहेत. पण लढाई पाहावयास चला असें मुलग्यांना दोनदां सांगावें लागत नाहीं, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. १९६१ सालीं स्थापन झालेल्या रेल्वे-संग्रहालयाच्या जुन्या गाडींत बसलें म्हणजे ती १८५८ सालच्या एका बोगद्यांतून जाते. तो बोगदा ज्या टेकडीखालीं आहे तिचें नांव मिशनरी रिज. हें नांव कोठून आलें, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें तर बापानें काय सांगावें? १८१७ सालीं येथें चेरोकी लोकांच्या मुलांसाठीं ब्रेनर्ड नांवाची मिशन-शाळा निघाली, आणि ती काढणारें मंडळ होतें अमेरिकन बोर्ड. याच मंडळाचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, व पुढें अहमदनगर, सातारा, सोलापूर येथें शाळा चालविणारें मराठी मिशन त्यांतूनच वाढलें. त्यांना इकडे पाठविणाऱ्या मंडळाचे चिटणीस सॅम्युएल वूस्टर हे १८२१ सालीं ब्रेनर्ड येथेंच वारले. ज्या हातांनीं मुंबईस पत्रें लिहिलीं ते हात चॅटनूगाच्या मातींत विसावले, हें वाचून आम्हांस तरी तें शहर एकाएकीं परकें वाटेनासें झालें.

ती शाळा १८३८ सालीं बंद पडली, कारण विद्यार्थीच उरले नाहींत. सरकारनें चेरोकी लोकांना त्यांच्या भूमींतून हुसकून पश्चिमेकडे धाडलें. सुमारें १६,००० माणसें निघालीं. त्यांपैकीं वाटेंत व छावण्यांत मिळून ४,००० मरण पावलीं असा अंदाज आहे. त्यांतील कांहीं तुकड्या चेरोकींचा पुढारी जॉन रॉस याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या धक्क्यावरून होड्यांनीं निघाल्या, आणि तो धक्का मत्स्यालयाच्या अगदीं पायथ्याशीं आहे. ब्रेनर्डचे डॅनियल बट्रिक हे मिशनरी त्या लोकांबरोबर पश्चिमेस गेले. आज शाळेच्या जागीं लहानशी दफनभूमि तेवढी उरली असून आसपास दुकानें व मोटारींची वर्दळ आहे. धक्क्यापाशीं २००५ सालीं 'पॅसेज' नांवाची वाट करण्यांत आली; भिंतीवर चेरोकी कलावंतांनीं घडविलेल्या मातीच्या सात मोठ्या चकत्या आहेत, आणि पायऱ्यांवरून पाणी झरत नदीकडे जातें. तें पाणी म्हणजे अश्रू. उन्हाळ्यांत शेंकडों मुलें त्या पाण्यांत पाय बुडवून खिदळत असतात.

मुलांनीं तेथें खेळूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. खेळावें; पाणी थंड असतें आणि तिकीट लागत नाहीं. पण ओले पाय पुसतांना आईनें हें पाणी कशाचें तें सांगावें.

जवळच वॉलनट स्ट्रीटचा पूल आहे. १८९१ सालीं तो पुरा झाला. लांबी २,३७६ फूट. १९७८ सालीं तो वाहनांना बंद झाला, परंतु लोकांनीं तो पाडूं न देतां १९९३ सालीं पायीं चालणारांसाठीं उघडविला. पलीकडच्या तीरावरील कूलिज उद्यानांत हातांनीं कोरलेल्या लाकडी प्राण्यांचें फिरतें चक्र आहे, तें लहानग्यांना फार प्रिय. याच पुलावर १८९३ सालीं आल्फ्रेड ब्लाउंट व १९०६ सालीं एड जॉन्सन या दोन कृष्णवर्णी माणसांना जमावानें फांस देऊन मारलें. जॉन्सनवर एका गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केल्याचा आरोप होता. नोआ पार्डन व स्टाइल्स हचिन्स या कृष्णवर्णी वकिलांनीं त्याची बाजू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें नेली, न्यायालयानें शिक्षा तहकूब केली, आणि त्याच रात्रीं जमावानें तुरुंग फोडला. न्यायालयाचा हुकूम पायदळीं तुडविल्याबद्दल १९०९ सालीं खुद्द शेरीफ व इतर कांहीं जणांना त्या न्यायालयानें दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें स्वतः चालविलेला फौजदारी खटला तेवढा एकच. वकिलांना मात्र शहर सोडावें लागलें. जॉन्सनवरील दोषारोप २००० सालीं रद्द झाला, आणि २०२१ सालीं पुलाच्या दक्षिण टोंकाला तिघांचे पुतळे उभे राहिले.

"सुटींत मुलांना असलें कशाला सांगावें?" असा आक्षेप येईल, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. सहा वर्षांच्या मुलाला पूल आणि लाकडी घोडा पुरे. परंतु जो मुलगा इतिहासाच्या परीक्षेसाठीं लढायांच्या तारखा पाठ करतो, त्याला फांसाची हकीकत पेलणार नाहीं असें समजणें म्हणजे त्याचा अपमान आहे. मुलें रडतात तीं भुकेनें किंवा उन्हानें. खरी गोष्ट शांतपणें सांगितली तर तीं प्रश्न विचारतात. शिवाय त्या शहरानेंच हीं दोन्ही स्मारकें आपल्या सर्वांत गजबजलेल्या करमणुकीच्या जागीं उभारलीं आहेत. यजमानानें जें लपविलें नाहीं तें पाहुण्यानें नजरेआड कां करावें?

तेव्हां दोन दिवस असतील तर आम्ही असें सुचवूं: पहिल्या दिवशीं सकाळीं मत्स्यालय, दुपारीं ऊन कलल्यावर पॅसेजच्या पायऱ्या, आणि संध्याकाळीं पुतळ्यांवरून पुलानें पलीकडे. पूल जुना आहे, डागडुजीसाठीं तो बंद ठेवावा लागतो, म्हणून आधीं चौकशी करावी. पुतळे पुलाच्या टोंकाला आहेत, ते शोधून पाहावे. दुसऱ्या दिवशीं आगगाडी, नंतर ब्रेनर्डची दफनभूमि, आणि वेळ उरल्यास रूबी फॉल्स. पैसे अथवा पाय थकले तर रॉक सिटी खुशाल गाळावी. एखाद्या कोठाराच्या छपरावर तिची जाहिरात वाटेंत दिसली तर तेवढ्यावर भागेल.