एकच उस्ताद, आयुष्यभर

मुलगा दहावीत अडकला, आजारपणामुळे मुलीची परीक्षा हुकली, की घरात पहिले वाक्य ऐकू येते, "वर्ष वाया गेलं." आम्हा शिक्षकांच्या तोंडीही तेच असते. या महिन्यात एका अशा बाईंची हकीकत सांगते, ज्यांची एक-दोन नव्हे, तर ऐन उमेदीची दहाएक वर्षे हातातून गेली. बाई चीनच्या, वाद्य पियानो. आणि ज्या संगीतकाराला त्यांनी आपले आयुष्य दिले तो जर्मनीचा. त्यांच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षे वारलेला. त्याचे नाव योहान सेबास्टियन बाख.

बाईंचे नाव झू श्याओ-मेई. जन्म 1949 चा, शांघायचा. पुढे कुटुंब बीजिंगला आले. घरात आईचा पियानो होता आणि पहिले धडेही आईनेच दिले. मुलगी इतकी हुशार निघाली की दहाव्या वर्षी बीजिंगमधल्या खास संगीतशाळेत तिची निवड झाली. सगळे सुरळीत चालले असते तर विशीत तिचे नाव झाले असते.

पण 1966 मध्ये माओंनी 'सांस्कृतिक क्रांती' पुकारली. पाश्चात्त्य संगीत म्हणजे भांडवलदारांचे संगीत, असा शिक्का बसला. संगीतशाळांमधले शिकवणे थांबले. विद्यार्थीच आपल्या शिक्षकांना सर्वांसमोर उभे करून त्यांचा अपमान करू लागले, मारहाण करू लागले. झू यांचे घराणे तर आधीच 'वाईट वर्गातले' ठरलेले. तरीही त्या स्वतः त्या काळी या सगळ्यावर विश्वास ठेवून बसल्या होत्या, हे त्यांनी आपल्या आत्मकथेत लपवलेले नाही. शिक्षिका म्हणून मला या हकीकतीत सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. चांगल्या, संवेदनशील मुलांनाही आपल्याच उस्तादाकडे बोट दाखवायला शिकवता येते, आणि ते शिकवायला फार दिवस लागत नाहीत.

पुढे त्यांची रवानगी श्रमछावणीत झाली. बीजिंगच्या वायव्येला, झांगजियाकौच्या बाजूला, जिथून पुढे मंगोलियाची पठारे सुरू होतात. तिथे शेतात राबायचे, सभांमध्ये स्वतःच्या 'चुका' कबूल करायच्या आणि हिवाळ्यात कुडकुडायचे. अशी पाच वर्षे गेली. शेवटी शेवटी पहारा थोडा सैल झाला, तेव्हा त्यांनी घरचा पियानो छावणीच्या भागात आणवला आणि चोरूनमारून पुन्हा बोटे चालवायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांच्या सोबतीला होता तो बाख.

बाखच का, हे समजून घ्यायला हवे. आपल्या कानाला एका वेळी एक चाल ऐकायची सवय असते. गाणारा एक, बाकीची साथ. बाखच्या संगीतात दोन, तीन, कधी चार चाली एकाच वेळी चालतात, आणि त्यांतली एकही दुसरीची नोकर नसते. घरात चार माणसे एकाच वेळी बोलत आहेत, पण कोणाचाही आवाज कोणाखाली दबत नाही, असे समजा. त्यामुळे डाव्या हाताला उजव्या हाताइतकेच काम पडते. बोटांना आणि डोक्याला इतका सगळा व्यायाम एकत्र देणारे संगीत विरळाच.

माओ 1976 मध्ये वारले. 1979 मध्ये आयझॅक स्टर्न हे नामवंत व्हायोलिनवादक चीनमध्ये येऊन गेले आणि दारे थोडी किलकिली झाली. त्यानंतर लवकरच झू अमेरिकेला गेल्या. वय तिशीच्या पुढे. तिथे पोटासाठी लोकांच्या घरची साफसफाई केली, मुले सांभाळली आणि बॉस्टनमध्ये पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. 1980 च्या दशकाच्या मध्याला त्या पॅरिसला पोहोचल्या. तेव्हाही हातात पैसा नव्हता आणि नावही नव्हते. पण बाखची एक रचना सोबत होती : 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'.

1741 मध्ये छापलेली ही रचना उर्दू गझल ऐकणाऱ्या घरांना समजायला अवघड नाही. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एकात विरह, दुसऱ्यात थट्टा, तिसऱ्यात गहन विचार. पण बहर, काफिया आणि रदीफ सगळ्यांना बांधून ठेवतात. उर्दूत याला गझलेची 'जमीन' म्हणतात. बाखनेही इथे एक जमीन घेतली आहे. आधी एक संथ, साधी चाल येते. मग तिच्याच खालच्या सुरांच्या पायावर तीस वेगवेगळी रूपे उभी राहतात. कुठे नाच, कुठे शोक, कुठे एक आवाज पुढे आणि दुसरा तीच चाल म्हणत त्याच्या मागे. मूळ रचना दोन पट्ट्यांच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यासाठी होती, म्हणून पियानोच्या एकाच पट्टीवर वाजवताना हात एकमेकांवरून जातात. तीस रूपे संपली की सुरुवातीची चाल जशीच्या तशी परत येते. सूर तेच असतात, पण एवढा प्रवास करून आलेल्या आपल्या कानाला ते वेगळे ऐकू येतात.

झू यांनी ही रचना वर्षानुवर्षे वाजवली. चाळिशीच्या आसपास श्रोत्यांना त्या कळू लागल्या. त्यांनी हिचे ध्वनिमुद्रण एकदा केले आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा केले. बाखची इतर मोठी कामेही एकेक करून हाती घेतली. शूबर्ट, शूमान हेही त्यांनी वाजवले. पण मुक्काम बाखच्याच घरी. पॅरिसच्या राष्ट्रीय संगीतविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. बाखमध्ये त्यांना चिनी तत्त्वज्ञ लाओत्से भेटतो, असे त्या सांगतात. लाओत्सेला पाण्याचे मोठे कौतुक होते, आणि जर्मन भाषेत 'बाख' या शब्दाचा अर्थच आहे ओढा.

2014 मध्ये त्या लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये 'गोल्डबर्ग' वाजवायला बसल्या. बाखची कबर याच वास्तूत आहे. त्याच वर्षी, तीन दशकांहून अधिक काळानंतर, त्यांनी चीनमध्येही कार्यक्रम केले. ज्या देशात हे संगीत चोरून वाजवावे लागले, तिथली तरुण मुले सभागृहे भरून ऐकायला आली.

या हकीकतीतून 'संकटांनी माणूस घडतो' असा सोपा धडा काढायला मी तयार नाही. शांघायची गू शेंगयिंग ही तितकीच गुणी पियानोवादक. तिने 1967 मध्ये आई आणि भावासह जीवन संपवले. छावणीने झू यांना काहीही दिले नाही. तिने फक्त घेतले. लहानपणी आई आणि शिक्षकांनी जे बोटांत घातले होते, तेवढे मात्र छावणीला काढून घेता आले नाही.

म्हणून पालकहो, एक विनंती. आपण मुलांना तीन महिने हा क्लास, तीन महिने तो क्लास असे फिरवतो. त्यापेक्षा एखादी गोष्ट त्यांना खोलवर शिकू द्या. गणित असो, सुलेखन असो, भरतकाम असो की एखादे वाद्य. कंटाळ्याचा पहिला टप्पा ओलांडेपर्यंत त्यांच्या शेजारी बसा. एखादे वर्ष गेले तर हळहळ जरूर वाटू द्या, पण मुलावर 'वाया' हा शिक्का मारू नका. आत काय शिल्लक आहे, ते निकालपत्रावर दिसत नाही.

बाख स्वतः याच सेंट थॉमसच्या शाळेत 1723 पासून 1750 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत नोकरीला होता आणि मुलांना शिकवत होता. आपल्या थोरल्या मुलाला शिकवण्यासाठी त्याने काही छोट्या रचना केल्या होत्या. 1723 मध्ये त्यांची स्वच्छ प्रत करताना मुखपृष्ठावर त्याने शिकण्याचा क्रमही सांगून ठेवला : आधी दोन आवाज साफ वाजवायला शिका. ते नीट जमले, की मग तिसरा घ्या.