नोकरी पुण्यात, मुलगी कोल्हापुरात

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. राधानगरी तालुक्यातल्या एका गावाहून मायलेकी आपल्या कचेरीत आल्या. आपल्या दारात येणारी बाई बहुधा मारहाणीची नाहीतर पोटगीची तक्रार घेऊन येते. मी सवयीने नोंदवही पुढे ओढली. पण तक्रार वेगळीच होती. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिला नोकरी मिळाली होती आणि हजर व्हायला बारा दिवस उरले होते. आई म्हणाली, "ताई, पोरगी हुशार हाय, पर पुण्यात एकटी ऱ्हाणार कुठं? तिचा बाप न्हाई म्हणतोय."

मी वडिलांशी बोलले. मुलींच्या शिक्षणावर, स्वावलंबनावर जे आपण नेहमी बोलतो ते सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ते खरं हो, पण ऱ्हायचं कुठं?" माझ्याजवळ एक पत्ता नव्हता, एक फोन नंबर नव्हता. बारा दिवस संपले. नोकरी गेली.

या अंकाचं संपादकीय त्या बारा दिवसांबद्दल आहे. वडिलांना दोष देऊन ते संपवणं सोपं होतं. पण वडिलांची भीती काही हवेतली नाही. २००९ साली खराडीतल्या कंपनीतून घरी निघालेल्या संगणक अभियंता बाईचं अपहरण झालं, बलात्कार झाला, खून झाला. ती बातमी गावोगावी वाचली गेली आणि अजून कुणी विसरलेलं नाही. भीती खरी असेल तर तिच्यावर भाषण हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे सोय. आणि सोय करण्यात आपण कमी पडलो.

ही मुलगी नोकरीपर्यंत पोचली कशी, हे मी तिला नंतर विचारलं. घरात लॅपटॉप एकच, तो भावाचा. भाऊ झोपल्यावर रात्री अकरानंतर तिच्या हाती यायचा आणि पहाटे भाकरीला उठायचं असायचं. कॉलेजात शेवटच्या वर्षी बरीच मुलं प्रोजेक्ट विकत आणतात. तिने स्वतः केला. गावातल्या दूध संस्थेचा हिशेब ठेवणारा, लिटर आणि फॅट टाकलं की बिल काढणारा प्रोग्राम. मुलाखतीत तिला त्यावरच अर्धा तास प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर तिला देता आलं, कारण प्रत्येक ओळ तिची होती.

यातून मला जे कळलं ते आपल्या गटांतल्या मुलींसाठी लिहिते. कंपन्या आधी परीक्षा घेतात. त्यात गणित, तर्क आणि इंग्रजी असतं. मग प्रोग्राम लिहायला लावतात, मग मुलाखत. चार भाषा वरवर येण्यापेक्षा एक नीट यावी. आपलं काम गिटहबसारख्या ठिकाणी ठेवावं, म्हणजे अर्जात लिहिलेलं दाखवता येतं. आता साधा प्रोग्राम यंत्रच लिहून देतं, त्यामुळे नुसतं टाइप करता येण्याला किंमत उरलेली नाही. लिहिलेलं चूक कुठे आहे हे ओळखणारी माणसं लागतात. शिकण्यासाठी क्लासचे हजारो रुपये असलेच पाहिजेत असं नाही. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत आणि फुकट आहेत. एक गोष्ट मात्र प्रत्येक मुलीच्या आईलाही सांगा. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. त्यासाठी कुणी दागिने मोडू नयेत.

पण हे सगळं मुलीने करायचं झालं. आपण काय करायचं?

इथे मला कोल्हापूरचीच आठवण होते. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी शहरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. खेड्यातल्या पोराला शाळा मोफत असून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांना समजलं होतं. ती वसतिगृहं प्रामुख्याने मुलग्यांची होती. मात्र १९१८ साली राजपुत्र शिवाजी गेले, तेव्हा त्यांनी विधवा सून इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली आणि सोबतीला इतर मुलीही ठेवल्या. एकटीला शिक म्हटलं नाही. जागा दिली आणि सोबत दिली.

आज फीचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण भरायचं ठरवलं. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे मुलाखतीला स्वारगेटला जाऊन येणंही जमतं. मुलगी शिकते, परीक्षा देते, पास होते, आणि शेवटच्या दोनशे तीस किलोमीटरवर अडते. इथे कारखाने आहेत, फौंड्र्या आहेत, थोड्या सॉफ्टवेअर कंपन्याही आहेत, पण त्या सगळ्या मुलींना पुरणाऱ्या नाहीत. आयटी पार्क होणार हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. तो व्हावाच, पण तोवर पोरींनी वाट पाहायची का?

"मग घरी बसूनच कर की काम," असं आता सर्रास म्हटलं जातं. हे काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली या बाईने १९६२ साली सॉफ्टवेअरची कंपनी काढली आणि मुलंबाळं असल्याने नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना घरबसल्या काम दिलं. बाईच्या नावाने गेलेल्या पत्रांना उत्तर येत नाही, म्हणून ती 'स्टीव्ह' अशी सही करायची. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग तिच्याच कंपनीने केलं. तेव्हा घरून काम होतं, यात शंका नाही. पण त्या बायकांना काम येत होतं, अनुभव होता. नवख्या मुलीला शेजारी बसून शिकवणारं कुणीतरी लागतं. आणि आपल्या घरात 'घरून काम' म्हणजे एका हाताने कीबोर्ड आणि दुसऱ्या हाताने कुकर, हे वेगळं सांगायला नको. ज्या बाईला ते स्वतःहून हवं आहे तिने जरूर करावं. परवानगी मिळाली नाही म्हणून करावं लागू नये.

कायद्याची शिदोरीही मुलीबरोबर द्यायला हवी. या मुलीला एका मुलाखतीत विचारलं होतं, "लग्न ठरलंय का? मग पुढे काय?" बाई म्हणून भरतीत भेदभाव करता येत नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. प्रसूतीची रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असलीच पाहिजे. काचेच्या इमारतीत काम करणाऱ्या मुलीलाही हे माहीत नसतं. राजस्थानातल्या एका साथिनीने तिच्यासाठी किती सोसलं, हे तिला आपणच सांगायचं आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. इतक्या वर्षांत 'रोजगार' म्हटलं की आपण शिवणयंत्र आणलं, पापड-मसाल्याचे गट केले. ते चुकलं असं मी म्हणत नाही, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली. पण त्याच बायकांच्या मुली आज इंजिनिअर झाल्या आणि आपल्या डोक्यातला रोजगार शिलाईपुढे सरकला नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, कचेरीची पुढची खोली संध्याकाळी मुलींना द्यावी, दोन कॉम्प्युटर ठेवावेत. तिथे भावाची पाळी संपायची वाट पाहायला लागणार नाही. दोन, पुण्यातल्या मैत्रिणींनी आपापल्या भागातल्या, स्वतः जाऊन पाहिलेल्या खोल्यांची आणि नोकरदार बायकांच्या वसतिगृहांची यादी करावी. केंद्र सरकारची 'सखी निवास' योजना याच कामासाठी आहे. जिथे ती पोचली नाही तिथे मागणी लावून धरावी. तीन, आधी गेलेल्या प्रत्येक मुलीने नंतर येणाऱ्या एकीला पहिला महिना सोबत करावी.

ती मुलगी पुन्हा परीक्षा देते आहे. परवा तिचे वडील शहरात आले होते, तेव्हा कचेरीत डोकावून गेले. म्हणाले, "ताई, त्या खोलीचं काय झालं?" ते 'नाही' म्हणायला आले नव्हते. ते पत्ता मागायला आले होते.

पुढच्या वेळी तो आपल्याकडे असला पाहिजे. पुण्यातल्या मैत्रिणींनो, पत्रांची वाट पाहते.