राग असू द्या, द्वेष नको

सकाळी नळावर नंबरावरून भांडण होते. पाणी जाते, बाया घरी जातात, पण भांडण डोक्यात चालूच राहते. रात्री झोप लागत नाही. वस्तीतल्या घराघरांत हा अनुभव आहे.

राग आला की शरीर लढाईला तयार होते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो. प्रसंग संपला की थोड्या वेळात ते उतरते. पण तोच प्रसंग मनात घोळवत बसलो, तर शरीर पुन्हा पुन्हा पेटते. बीपीच्या माणसाला हे महागात पडते.

म्हणून काहीजण सांगतात, राग गिळा. मला हे पटत नाही. अन्याय झाला तर राग यायलाच हवा. गिळलेला राग जिरत नाही. कामावरचा अपमान गिळून आलेला माणूस तो घरी बायकोवर, पोरांवर काढतो.

सोडायचा आहे तो द्वेष. राग कृत्याचा असतो, द्वेष माणसाचा. चूक सुधारली की राग शमतो, द्वेष शमत नाही. बुद्धांनी लोभ आणि मोहाबरोबर द्वेषाला अकुशलाचे मूळ म्हटले आहे.

समूहात तर द्वेष लवकर पसरतो. एकाची चूक 'ती लोकं तसलीच' अशी होते, आणि मग एक अफवा पुरते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, 'आता हे देवळात शिरणार' अशी अफवा उठली आणि जमावाने परिषदेला आलेल्या आपल्या लोकांना काठ्यांनी मारले. आपल्या माणसांचा संताप रास्त होता. बाबासाहेबांनी त्यांना उलट हल्ला करू दिला नाही, पण ते गप्पही बसले नाहीत. हल्लेखोरांवर खटला झाला, काहींना शिक्षा झाली. डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तळ्याचा दावा कोर्टात लढला गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे तो राग विझला नाही आणि कुणाच्या डोक्यातही पडला नाही.

आपणही तेच करावे. राग चढला की आधी जागा सोडा, पाणी प्या, श्वासाकडे लक्ष द्या. उतरल्यावर स्वतःला विचारा: मला नेमके काय बदलायचे आहे? उत्तर मिळाले तर अर्ज लिहा, चार माणसे घेऊन बोलायला जा. उत्तर नुसते 'त्याला बघून घेईन' एवढेच आले, तर समजा, राग संपला आणि द्वेष सुरू झाला.