मांडी एकाची, ताण सगळ्यांचा

१ एप्रिल २०२५ची संध्याकाळ. लंडनमध्ये आर्सेनल आणि फुलहॅम यांचा सामना सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटंच झाली असतील, आणि आर्सेनलचा बचावपटू गॅब्रिएल दुखावून मैदानाबाहेर गेला. कारण पुन्हा तेच, हॅमस्ट्रिंग. म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूचा, कमरेखालून गुडघ्यामागे उतरणारा स्नायूंचा गट. दोन मिनिटांत माझा फोन वाजला. कोल्हापुरात मध्यरात्र उलटून गेली होती, पण आमचा आतेभाऊ जागाच होता.

"दादा, चौथा गेला बघ! आधी त्या फिटनेसवाल्याला घरी पाठवाय पाहिजे."

त्याची मोजणी बरोबर होती. २१ डिसेंबर २०२४ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध बुकायो साका याच दुखापतीने बाहेर गेला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्यूकॅसलविरुद्ध मार्टिनेली गेला. त्यानंतर संघ दुबईला सरावाला गेला आणि तिथे काय हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंग फाटला. आता गॅब्रिएल. गंमत म्हणजे, साका त्याच संध्याकाळी १०१ दिवसांनी मैदानात परतला आणि त्याने गोलही केला. एक आत आला, एक बाहेर गेला.

एकाच संघात एकाच प्रकारच्या दुखापती अशा ओळीने झाल्या की कुणीतरी चुकलंय असंच वाटतं. कधी फिटनेस कोच, कधी डॉक्टर, कधी मैदानाचं गवत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसून त्याचं पोस्टमॉर्टेम करतात. त्याचा पहिला नियम असा, की माणसाकडे बोट दाखवायचं नाही, आधी घटनाक्रम लिहायचा. त्याच पद्धतीने या प्रश्नाकडे बघावंसं वाटलं.

सुरुवात योगायोगापासून. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या जुन्या नोंदींवरून पंचवीस खेळाडूंच्या संघात एका मोसमात साधारण पाच-सहा हॅमस्ट्रिंग दुखापती होतात, असा अंदाज मांडला गेला होता. मी एका रविवारी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. चाळीस आठवड्यांचा मोसम, सहा दुखापती, आणि त्या कुठल्याही दिवशी, निव्वळ नशिबाने. प्रश्न एकच : कुठल्या तरी चार आठवड्यांत तीन दुखापती एकत्र येण्याची शक्यता किती? उत्तर आलं, तीनातल्या एकापेक्षा थोडी जास्त. म्हणजे वीस संघांच्या लीगमध्ये कुणाचीही काहीही चूक नसताना सहा-सात संघांत असा महिना येणारच. पाऊस पडताना फरशीवर थेंब सारख्या अंतराने पडत नाहीत, काही ठिकाणी दाटी होते. ज्या क्लबच्या वाट्याला ती दाटी येते, तिथला फिटनेस कोच बिचारा बातम्यांत येतो.

पण सगळं नशिबावर ढकलून चालणार नाही. योगायोगाने दाटी होते; पाऊसच वाढला असेल तर त्याला दुसरं कारण असतं. आणि इथे पाऊस खरोखर वाढलाय. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली युएफा २००१पासून युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवते. २००१-०२च्या मोसमात एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये २४ टक्के झाला. दुखापतींमुळे वाया जाणाऱ्या दिवसांतला तिचा वाटाही १०वरून २० टक्क्यांवर गेला. वीस वर्षांत दुप्पट.

हे का झालं असावं? पहिलं कारण खेळाचा वेग. आपण जोरात धावतो तेव्हा पाय पुढे फेकला जातो आणि तो जमिनीला टेकण्याआधी हॅमस्ट्रिंग त्याला ब्रेक लावतो. म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि बहुतेक वेळा तो तिथेच दगा देतो. प्रीमियर लीगच्या एका अभ्यासात २००६-०७ ते २०१२-१३ या काळात खेळाडूंचं सामन्यातलं एकूण अंतर जेमतेम २ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, पण पूर्ण वेगाने धावण्याचं अंतर सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. गाडी तितकेच किलोमीटर चालते, पण ब्रेक कितीतरी जास्त वेळा दाबला जातो.

दुसरं कारण कॅलेंडर. दोन सामन्यांत चार दिवस किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर सहा किंवा जास्त दिवसांच्या विश्रांतीच्या तुलनेत स्नायूंच्या दुखापती वाढतात, हे याच नोंदींतून दिसलंय. आणि सामने तर वाढतच आहेत. २०२४-२५पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या फेरीत सहाऐवजी आठ सामने झाले. २०२५च्या उन्हाळ्यात ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप आला. खेळाडूंच्या संघटनेने आणि युरोपातल्या लीग्जनी तर ऑक्टोबर २०२४मध्ये फिफाच्या वेळापत्रकाविरुद्ध थेट युरोपियन कमिशनकडे तक्रार केली.

पण हे सगळ्याच मोठ्या क्लबांना लागू आहे. मग एखाद्याच संघात ओळ का लागते? इथे मला माझं रोजचं काम आठवतं. दहा सर्व्हरपैकी एक बंद पडला की त्याचा भार उरलेल्या नऊंवर येतो. त्यातला जो आधीच दमलेला असतो तो पुढे पडतो, मग आठांवर भार. पहिलं कारण लहान असतं, पण पडझड साखळीने होते. आर्सेनलचंच बघा. साका डिसेंबरमध्ये गेला. जानेवारीत पुढच्या फळीतल्या जेझुसचा गुडघा गेला. उरलेल्यांना विश्रांती द्यायला माणूसच राहिला नाही. मार्टिनेली आणि हावर्ट्झच्या दुखापती यामुळेच झाल्या असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण बदली माणूस नसणं हीच एक जोखीम आहे.

साखळीची दुसरी कडी म्हणजे घाईने परतणं. युएफाच्या नोंदींत १८ टक्के हॅमस्ट्रिंग दुखापती जुन्याच दुखापतीची पुनरावृत्ती होत्या, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त खेळाडू परतल्यावर दोन महिन्यांच्या आत झाल्या. टॉटनहॅमचा मिकी व्हॅन डे व्हेन ३० ऑक्टोबर २०२४ला दुखावला, ८ डिसेंबरला परतला आणि त्याच सामन्यात पुन्हा हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला. डॉक्टर म्हणतात आणखी आठवडा, प्रशिक्षकाला हवा शनिवार, आणि खेळाडू म्हणतो मी ठीक आहे. १७ देशांतल्या ३६ क्लबांच्या अभ्यासात असं दिसलं, की मुख्य प्रशिक्षक आणि वैद्यकीय टीम यांच्यात नीट संवाद नसलेल्या क्लबांवर दुखापतींचा बोजा जास्त होता. स्नायू फाटतो मांडीत, पण त्याची सुरुवात कधी कधी बंद खोलीतल्या न झालेल्या बोलण्यात असते.

हे मी कोरड्या अभ्यासातून लिहीत नाहीये. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या गुरुवारच्या फुटबॉलमध्ये माझीही मांडी गेली. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात टीमला एक माणूस कमी पडत होता, म्हणून मी गेलो. दहाव्या मिनिटाला पुन्हा तीच कळ. नंतर चार महिने जिना उतरताना कठडा धरत होतो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलंच नाही. तिने माझ्या बसण्यावरून ओळखलं.

उपाय नाही असंही नाही. नॉर्डिक नावाचा एक साधा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. यंत्र नको, पैसे नकोत. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंग दुखापती जवळपास निम्म्या होतात. तरीही चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या लीगमधल्या ५० क्लबांच्या पाहणीत तीन मोसमांतल्या १५० नोंदींपैकी फक्त १६ ठिकाणी तो पूर्णपणे पाळला गेला होता. या व्यायामाने सुरुवातीला मांड्या दुखतात, आणि दर तीन दिवसांनी सामना असेल तर दुखायला तरी वेळ कुठून आणणार? म्हणजे फिरून पुन्हा कॅलेंडरपाशीच.

म्हणून माझ्या पोस्टमॉर्टेममध्ये एक आरोपी सापडत नाही. थोडं नशीब, बराचसा वेग, भरगच्च वेळापत्रक, साखळीने वाढलेला भार, आणि "अजून आठवडाभर थांब" हे न ऐकलेलं वाक्य. फिटनेस कोच बदलणं सगळ्यात सोपं, कारण तो एकटा असतो. वेळापत्रक ठरवणारे मात्र मैदानावर नसतातच, त्यामुळे त्यांच्याकडे बोट जात नाही.

मागच्या महिन्यात आतेभावाचा पुन्हा फोन आला. शाहू स्टेडियमवर त्याच्या सामन्याला आठ दिवस होते आणि सरावात त्याची मांडी धरली होती. "तेल चोळलंय दादा, पट्टी बांधून खेळतो की. तालमीचा प्रश्न हाय."

मी त्याला माझ्या चार महिन्यांची गोष्ट सांगितली, आकडे नाही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, बाकावर बसतो. पण तू आईला सांगू नको."

आत्याला मी काही सांगणार नाही. पण आमच्या घरातल्या आया बसण्यावरूनच ओळखतात, हे त्याला अजून माहीत नाहीये.