जिभेखालची गोळी आणि रोजा

मस्जिदीचा जिना चढताना अब्बा मधेच थांबतात. छातीवर हात ठेवतात, दोन मिनिटांनी "काही नाही, गॅस आहे" म्हणून पुन्हा चढायला लागतात. घरी सोडा येतो आणि विषय संपतो.

चढताना भरून येणारी आणि थांबलं की ओसरणारी कळ गॅसची समजून सोडून देऊ नका. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की बसल्याजागी कसंबसं भागतं, कष्टाला रक्त कमी पडतं. डॉक्टर याला अंजायना म्हणतात. झोपवून काढलेला ईसीजी अशा माणसाचाही नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते. अम्मीचा दम तर आपण कामाच्या थकव्यातच जमा करतो.

रमजानमध्ये ही लपवाछपवी वाढते. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असते, पण रोजा तुटेल म्हणून माणूस इफ्तारपर्यंत कळ सोसतो. नेमका हाच प्रश्न जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीसमोर 1997 साली आला होता. घशाकडे उतरणारं गिळलं नाही, तर अंजायनाच्या या गोळीने रोजा तुटत नाही, असा ठराव तिने केला. सगळ्या उलेमांना तो मान्य नाही. नसू दे. रोजा तुटला असं धरलं, तरी सूरह बकरामध्ये आजाऱ्याला तो नंतर पुरा करण्याची मुभा आहेच. खुदाने दिलेली सवलत घरातल्या माणसाला नाकारणारे आपण कोण?

ज्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, ते 1922 मध्ये हृदयविकाराने गेले. वय अवघं 47. आज दसरा चौकातल्या त्या बोर्डिंगपासून सीपीआर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का, हे आजच बघा. ऐनवेळी 'शेख' आणि 'शेक' यांच्यात तास जातो. आणि विश्रांती घेऊन, गोळी ठेवूनही पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. 108 ला फोन लावा, सहरीची वेळ असली तरी.