आधी सभासदांची यादी, मग ऐक्य

रिपब्लिकन ऐक्याची चर्चा निघाली की आपण एकच प्रश्न विचारतो : नेता कोण? नेता कोणी निवडायचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

स्कॉटलंडमधला स्कॉटिश नॅशनल पार्टी हा प्रादेशिक पक्ष बघा. २०२३ मध्ये निकोला स्टर्जन पायउतार झाल्यावर सभासदांनी मतदान करून नवा नेता निवडला. उमेदवार तीन. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत. पसंतीक्रमाची मते मोजल्यावर हमझा युसूफ यांना ५२.१ टक्के आणि केट फोर्ब्ज यांना ४७.९ टक्के मते पडली. पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबातला मुलगा त्याच आठवड्यात स्कॉटलंड सरकारचा प्रमुख झाला.

पण खरी गोष्ट निकालाआधीच घडली. मतदार किती, असे उमेदवारांनीच विचारले. पक्षाला आकडा जाहीर करावा लागला. एकेकाळी लाखाच्या वर असलेली सभासदसंख्या ७२,१८६ निघाली. सभासदसंख्येबाबत पत्रकारांना चुकीची माहिती दिली गेली होती. त्याची जबाबदारी घेऊन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. ते स्टर्जन यांचे पती होते!

मतपेटी चांगल्या नेत्याची हमी देत नाही. युसूफही साधारण वर्षभरातच पायउतार झाले आणि त्यांच्यानंतरचा नेता बिनविरोध आला. पण मतदान घ्यायचे म्हटले की यादी उघडावी लागते, आणि यादी उघडली की पक्ष कोणाचा हे कळते.

आता आपल्याकडे वळू. रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला. ऐक्य असताना १९९८ मध्ये चार खासदार निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून! ते ऐक्य टिकले नाही. जोडले नेत्यांनी, मोडले नेत्यांनी. झेंडा खांद्यावर घेणाऱ्या कार्यकर्त्याचे मत कोणी घेतले?

काही जण म्हणतील, पक्षात निवडणूक घेतली तर फूट पडेल. मित्रांनो, इतके गट पडले ते काय मतपेटीमुळे? हरलेल्याला पक्षातच राहून पुन्हा लढायची सोय नसली, की तो नवा गट काढतो.

बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो आपण इतरांनाच ऐकवतो. म्हणून मागणी साधी असू द्या : तालुकावार सभासद यादी जाहीर करा, ठरलेल्या मुदतीने गुप्त मतदान घ्या. पुढच्या वेळी कोणी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आले की वर्गणी जरूर द्या. पण आधी विचारा, माझे नाव यादीत कुठे आहे?

जय भीम!